काळवीट आणि कायदा

धर्मशास्त्राचा अंमल कोणत्या भूमीवर चालतो, हा प्रश्न जुन्या स्मृतिकारांपुढे आला तेव्हा त्यांनी समुद्र, पर्वत आणि नद्या यांची नावे तर घेतलीच. पण त्यांबरोबर एका जनावराचेही नाव घेतले. कृष्णसार मृग, म्हणजे आपले काळवीट, जिथे स्वभावतः हिंडते तो देश यज्ञाला योग्य, असे मनूने म्हटले. याज्ञवल्क्याच्या स्मृतीत तर मिथिलेत बसलेल्या त्या ऋषीला मुनींनी धर्म विचारले तेव्हा काळे हरीण ज्या देशात असते त्या देशातले धर्म ऐका, असाच त्याने आरंभ केला आहे. हरणाच्या खुरांनी कायद्याची हद्द आखण्याचा असा प्रकार जगातल्या दुसऱ्या एखाद्या धर्मशास्त्रात असेल तर तो आमच्या वाचनात नाही.

ही कल्पना काव्यमय आहे, आणि ज्याने मोकळ्या माळावर काळविटांचा कळप पाहिला आहे त्याला ती पटायलाही अवघड नाही. मात्र तिच्यातून एक प्रश्न निघतो आणि तो सहजासहजी सुटत नाही. ज्या प्राण्याच्या पायाखालची भूमी धर्माची ठरली, त्या प्राण्याला त्या धर्माने काय दिले? यज्ञात त्याचे कातडे लागे, ब्रह्मचाऱ्याला कृष्णाजिन लागे, राजाला मृगया लागे. हरणाच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही. तो आपल्या वाशीम जिल्ह्याच्या आधाराने मांडता येतो, कारण या जिल्ह्यात काळवीट आहे, त्याच्यासाठी खास राखलेले अभयारण्य आहे, आणि दीड-दोन हजार वर्षे मागे जाणारा राज्यकारभाराचा इतिहासही आहे.

प्रथम भूमीविषयी. वाशीम जिल्हा हा अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या उताराचा प्रदेश. काळी जमीन सखल भागात. चढावर मुरमाड, उथळ मातीचे माळ. या माळांवर मोठे झाड सहसा वाढत नाही. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते वाढतात, पावसाळ्यात गुडघाभर उंच होतात आणि मार्गशीर्षापर्यंत पिवळी पडतात. परक्या माणसाला हा ओसाड मुलूख वाटतो. काळविटाला मात्र हाच हवा. ते दाट जंगलातले जनावर नव्हे. दूरवर नजर पोचावी, शत्रू दिसताच उधळावे, ताशी ऐंशी किलोमीटरच्या घरात वेग घ्यावा, असे त्याचे युद्धशास्त्र. मादी आपले पाडस पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते व स्वतः दूर चरते. गवत नसेल तर ते पाडस उघडे पडते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील साऱ्या कायद्यांची परीक्षा करता येते.

आता इतिहास. विदर्भात प्राण्यांना राजाज्ञेने संरक्षण मिळाल्याचा सर्वांत जुना पुरावा वाशीमात नाही. तो चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक येथे सापडलेल्या एका शिळेवर आहे. तिच्यावरील जुना लेख अशोकाच्या काळच्या लिपीत व प्राकृत भाषेत असून त्यात 'स्वामी' चिकंबरी येथे आज्ञा करतो की, प्राणी पकडू नयेत व मारू नयेत. म. म. वा. वि. मिराशी यांनी हा लेख अशोककालीन शासनाशी जोडला. पुढे गंमत अशी झाली की, पाचशेहून अधिक वर्षांनंतर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याने त्याच ठिकाणी देवालय बांधले, आणि त्याचा लेख कोरण्यासाठी तीच शिळा वापरण्यात आली; जुनी अक्षरे काही अंशी खोडून तिच्यावर नवा लेख कोरला. प्राण्यांच्या अभयाचा हुकूम पुसून त्यावर देवळाची नोंद झाली! यात कोणाचा दुष्ट हेतू असेल असे आम्ही म्हणत नाही. दगड तयार होता, अक्षरे वाचणारा कोणी उरला नव्हता. परंतु कायदा विसरला जातो तो असाच; रद्द करण्याची तसदीदेखील कोणी घेत नाही.

देवटेकच्या या आज्ञेमागे जे राज्यशास्त्र होते ते आपल्याला दोन ठिकाणी दिसते. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे: पूर्वी तेथे हजारो प्राणी मारले जात, आता दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही हरीण नेमाने नव्हे, पुढे हेही थांबेल. राज्यारोहणानंतर सव्विसाव्या वर्षाच्या स्तंभलेखात तर अवध्य प्राण्यांची यादीच दिली आहे. पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशी ती यादी वाचताना आजच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीची आठवण होते. त्याच लेखात आणखी एक वाक्य आहे आणि त्याचे मोल आम्हाला यादीहून अधिक वाटते: वने निष्कारण अथवा प्राणिहिंसेसाठी जाळू नयेत, आणि ज्यात जीव आहेत असा भुसा पेटवू नये. प्राणी वाचवायचा तर त्याचे घर वाचवले पाहिजे, ही जाण अशोकाला होती.

दुसरे ठिकाण कौटिल्याचे. अर्थशास्त्रातील सूनाध्यक्षाच्या प्रकरणात, ज्यांना अभय जाहीर झाले आहे अशा आणि अभयवनात राहणाऱ्या मृग, पशू, पक्षी व मासे यांना बांधणाऱ्याला, मारणाऱ्याला वा इजा करणाऱ्याला सर्वांत वरच्या प्रतीचा दंड सांगितला आहे. आज आपण 'अभयारण्य' म्हणतो त्या शब्दाचा पूर्वज हा. परंतु कौटिल्य साधू नव्हता. त्याच ग्रंथात हत्तींच्या वनांचा विचार सैन्यासाठी केलेला आहे आणि कातडी, दात, शिंगे यांची मोजदाद कोठारासाठी. अभय देणारा राजा आणि कातडे मोजणारा राजा हा एकच आहे.

याचे प्रत्यक्ष प्रमाण वाशीमनेच दिले आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने येथे वाकाटकांची स्वतंत्र शाखा स्थापली. देवटेकच्या शिळेवर लेख कोरणारा रुद्रसेन हा त्याचा पुतण्या. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट 1939 साली वाशीमलाच उजेडात आले. ते वत्सगुल्माहून, राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेले आहेत. वाकाटकांच्या दानपत्रांत, दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या सरकारी मागण्यांतून सूट आहे, याची लांबलचक यादी असते. या गावाने गाई-बैल पुरवायचे नाहीत, फुले व दूध द्यायचे नाही, चारा, बसण्याची कातडी आणि कोळसा द्यायचा नाही. सूट कशाची दिली ते वाचले म्हणजे सूट नसलेल्या गावांवर काय लादले जात होते ते कळते. फिरतीवर आलेल्या अंमलदाराला गावाने जनावरांना चरायला कुरण, बसायला कातडे आणि शेगडीला कोळसा द्यायचा, हा राज्याचा हक्क होता. गवत, जनावर आणि झाड ही तिन्ही एकाच ओळीत, एकाच करात. ताम्रपटाने सूट दिली ती ब्राह्मणाच्या गावाला, जनावराला नव्हे. पण त्या गावच्या शिवारातले हरीण त्या सुटीने थोडे अधिक निर्धास्त झाले असेल, असे मानायला हरकत नाही. इतिहासात पशूला मिळालेली बहुतेक सवलत अशी दुसऱ्याच्या सनदेखालून आलेली आहे.

मधली काही शतके आम्ही ओलांडून जातो. मोगलांचा अंमल वऱ्हाडात 1596 साली आला आणि 'बाशीम' हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार झाले. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत त्याची नोंद करताना या भागातल्या हटकरांचा उल्लेख केला आहे. हटकर म्हणजे मुळात मेंढपाळ, माळावरची माणसे. त्याच ग्रंथात अकबराच्या शिकारी चित्त्यांचे वर्णन सविस्तर आहे. चित्त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला गाडीवरून माळावर न्यायचे, काळविटाचा कळप दिसला की पट्टी काढायची, हा खेळ दिल्लीपासून दक्षिणेपर्यंतच्या सर्व दरबारांत चाले. आणि याच दरबारात उलट टोकही सापडते. जहांगीर बादशहाचे एक लाडके हरीण शेखूपुऱ्याजवळ मेले तेव्हा त्याने त्याची कबर बांधली आणि त्या रानात कोणी हरणाची शिकार करू नये असा हुकूम केला. हिंदूला ते मांस गाईसारखे आणि मुसलमानाला डुकरासारखे, अशी त्याची भाषा होती. राजाचे प्रेम हा कायदा होऊ शकतो. त्याचा भरवसा मात्र राजाच्या आयुष्याइतकाच.

चित्ता पकडणारे, त्याला माणसाळवणारे आणि काळविटाला फासात धरणारे लोक कोण होते? पारधी. वऱ्हाडात या जमातीची अनेक नावे आहेत. जात्याला टाके घालत फिरणारे ते टाकणकार. फास लावणारे ते फासेपारधी. फासेपाऱ्ध्याचे शस्त्र म्हणजे दोरीचे फासे, बांबूच्या काड्या आणि अंगातला संयम. बंदूक त्याची नव्हे. आमच्या विषयाच्या दृष्टीने या लोकांचे महत्त्व मोठे आहे, कारण राजाने हुकूम काढो वा न काढो, काळविटाचा खरा कायदा शेकडो वर्षे यांच्या हातात होता. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास करून 1983 साली जे लिहिले त्यात एक गोष्ट नोंदली आहे: फासात गाभण मादी किंवा लहान पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. प्रत्येक गटाचे शिकारीचे क्षेत्रही ठरलेले असे. हा नियम कोणत्याही राजपत्रात छापलेला नव्हता. मोडणाऱ्याला जातपंचायत विचारी. कोणी म्हणेल, यात दया कसली, उद्याच्या शिकारीची ही तरतूद! असेल. पण अर्थशास्त्रातल्या हत्तीवनाची गोष्ट यापेक्षा वेगळी कुठे आहे? आणि इंग्रजांच्या कायद्याची तरी?

त्या कायद्याकडे आता वळू. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. वाशीमचा 'बाशीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा त्या राजवटीत होता; 1905 साली तो मोडून अकोल्यात विलीन झाला, आणि पुन्हा जिल्हा व्हायला 1 जुलै 1998 हा दिवस उजाडावा लागला. 1886 सालच्या वऱ्हाडच्या जंगल कायद्याने सरकारी रानाची प्रतवारी झाली. इमारती लाकूड व सरपण यांची जंगले वेगळी, वैरणीचे रमणे आणि बाभळीची बने वेगळी, गुरांच्या चराईची मैदाने वेगळी. सगळी प्रतवारी माणसाच्या उपयोगाची. हरणासाठी म्हणून एकही प्रत नव्हती. पण वैरणीसाठी राखलेल्या रमण्यात हरीण आपोआप राहू शके, आणि राहिले.

प्राण्यांसाठी म्हणून झालेले कायदे मग एकामागून एक आले. 1879 मध्ये हत्तींचा, 1887 मध्ये पाखरांचा, आणि 1912 मध्ये वन्य पशुपक्ष्यांचा. या शेवटच्या कायद्याच्या यादीत हरणे आली. त्याची युक्ती सोपी होती: विणीच्या हंगामात शिकार बंद, इतर वेळी परवान्याने चालू. गाभण मादी सोडण्याचा पाऱ्ध्याचा जो नियम, तोच साहेबाने मुदत घालून छापला. फरक पडला तो माणसांत. साहेब परवाना घेऊन बंदुकीने मारी तेव्हा त्याला शिकारी म्हणत. पारधी फास लावी तेव्हा त्याला काय म्हणावे, हे 1871 साली उत्तर हिंदुस्थानात सुरू झालेल्या आणि पुढे इतरत्र पसरत गेलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने ठरवून टाकले होते. संबंध जमात जन्मानेच गुन्हेगार! तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. गावकुसाबाहेरच्या पालावर पडणारी नजर मात्र कोणत्याही अधिसूचनेने रद्द झाली नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी फासेपाऱ्ध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, त्यांना वसवले. ते उदाहरण वऱ्हाडात कोणी गिरवले असते तर पुढचा इतिहास निराळा झाला असता, असे आम्हास प्रामाणिकपणे वाटते.

1912 च्या कायद्यात आणखी एक कलम होते, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी प्राणी मारला तर गुन्हा नव्हता; आणि मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी मारला तरीही नव्हता. शेतकऱ्याचे उभे पीक ही मालमत्ताच. म्हणजे हरभऱ्याच्या वावरात शिरलेले हरीण मारण्याची मुभा वऱ्हाडातल्या कुणब्याला कायद्यानेच होती. साठ वर्षांनी, 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ही मुभा काढून घेतली. अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून संसदेला हा कायदा करण्यास सांगितले, आणि महाराष्ट्राने तो पुढे स्वीकारला. त्याच्या अकराव्या कलमात सद्भावनेने आत्मरक्षण अथवा दुसऱ्याचे रक्षण एवढेच उरले. पिकासाठी मारायचे तर अर्ज करून परवानगी आणायची. आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तर पिकाचे कारण चालतच नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेही संपले आणि 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या कमी केली, तरी काळविटाचे स्थान पहिलेच राहिले.

हा बदल लहान नव्हे. या देशात काळविटाला मिळालेले हे पहिले असे अभय, जे राजाच्या लहरीवर, विणीच्या हंगामावर वा एखाद्या बादशहाच्या दुःखावर अवलंबून नव्हते. आम्ही त्याचे स्वागतच करतो. 1947 साली कोरियाच्या संस्थानिकाच्या गोळीला शेवटचे चित्ते बळी पडल्याचे सांगितले जाते आणि 1952 साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. हा कायदा आला नसता तर वऱ्हाडातले काळवीटही त्याच वाटेने गेले असते, याविषयी आम्हाला शंका नाही.

पण अभयाची किंमत कोणी मोजली तेही लिहिले पाहिजे. ती मोजली दोघांनी. एक पारधी, त्याचा धंदा एका रात्रीत गुन्हा झाला आणि बदली धंदा कोणी हातात दिला नाही. दुसरा माळाकाठचा कोरडवाहू शेतकरी. ज्याने कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या तालुक्यांत हिवाळ्याच्या रात्री शेताच्या माळ्यावर जागल केली आहे त्याला हे सांगायला नको. सोयाबीन दोन पानांवर असताना हरणांचा कळप एका पहाटेत तास साफ करतो. हरभऱ्याचे शेंडे खुडतो. रोही आणि रानडुक्कर यांचा उपद्रव तर याहून मोठा. सरकार नुकसानभरपाई देते हे खरे. पण अर्ज, पंचनामा, फेऱ्या हे सगळे झाल्यावर हातात पडते त्याला भरपाई म्हणावे की प्रवासखर्च, असा प्रश्न पडतो. शहरात बसून प्राण्यांच्या हक्कांवर व्याख्याने देणाऱ्यांनी, आणि त्यांत आम्हीही आलो, एक गोष्ट विसरू नये. हरणाचा घास ज्याच्या ताटातून जातो तो आपल्या सभेला आलेला नसतो. तो त्या वेळी शेतात डबा वाजवत असतो.

कायद्याच्या भाषेत या हरणाचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. जिवंत असताना ते कोणाच्याच मालकीचे नाही. ज्याच्या शेतात ते चरते तो त्याचा धनी नव्हे, आणि सरकारही नव्हे. मात्र ते मेले किंवा मारले गेले की एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे त्याचे कलेवर, शिंगे, कातडे ही सरकारची मालमत्ता होते. जिवंतपणी बेवारस आणि मेल्यावर सरकारजमा, असा हा प्रकार आहे. वाकाटकांचा अंमलदार गावाकडून बसायला कातडे घेई त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही, जरी हेतू आता अगदी उलटा, म्हणजे कातड्याचा व्यापारच होऊ नये, असा आहे.

मग प्राण्याला स्वतःचा हक्क असू शकतो काय? पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न 1972 सालीच, म्हणजे आपला कायदा झाला त्याच वर्षी, ख्रिस्टोफर स्टोन या अमेरिकन पंडिताने झाडांच्या निमित्ताने विचारला. जहाजाला, कंपनीला न्यायालयात उभे राहता येते, मग वनाला का नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. आपल्याकडे हे इतके नवलाचे वाटू नये. देवाच्या मूर्तीला हिंदुस्थानातील न्यायालये कायदेशीर व्यक्ती मानतच आली आहेत. 1925 साली प्रिव्ही कौन्सिलने एका कलकत्त्याच्या खटल्यात मूर्ती कोठे ठेवावी याविषयी तिची इच्छाही विचारात घ्यावी, आणि ती तिच्या वतीने कोणी निरपेक्ष माणसाने मांडावी, असे ठरवले. पाषाणाची इच्छा वकिलाच्या तोंडून ऐकून घेणाऱ्या कायद्याला हरणाची इच्छा ऐकणे जड का जावे? पाण्याजवळ जाण्याची आणि पाडस गवतात लपवण्याची त्याची इच्छा समजायला तर वकीलही लागत नाही.

आपली न्यायालये या दिशेने थोडी चालली, थोडी परतली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली गीरच्या सिंहांच्या स्थलांतराच्या खटल्यात, त्या जातीचे हित हीच कसोटी, असे म्हटले. 7 मे 2014 रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या खटल्यात प्राण्यांच्या जगण्यालाही घटनेच्या एकविसाव्या कलमाचा आधार असल्याचे प्रतिपादन झाले. आमच्या विदर्भातले शंकरपट त्या निकालाने थांबले. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने 2018 साली, आणि पंजाब व हरियाणाच्या उच्च न्यायालयाने 2019 साली, संबंध प्राणिसृष्टीला कायदेशीर व्यक्ती म्हणून घोषित केले. पण अशा घोषणेनंतर नेमके काय करायचे, ते फारसे कोणाला उमगले नाही. शेवटी 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याला आपल्या न्यायशास्त्रात पूर्वाधार नाही, असे सांगितले. शंकरपट पुन्हा रंगले. बैलाचे मत त्यात कोणी विचारले नाही, आणि ज्याच्या घरी तो बैल पोटच्या पोरासारखा वाढला तो शेतकरी म्हणेल, ते मला ठाऊक आहे. त्याचेही म्हणणे एकदम खोडून काढण्याजोगे नाही.

आमच्या मते हक्काचा हा वाद न्यायालयात जेवढा रंगतो तेवढा माळावर उपयोगी पडत नाही. माळावर प्रश्न जमिनीचा आहे. 2000 साली कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी अभयारण्य झाले. क्षेत्र सुमारे 18 चौरस किलोमीटर. त्याआधी 1988 साली अकोला व वाशीम यांच्या सीमेवर काटेपूर्णा अभयारण्य झाले होते. ते झाडीचे आणि धरणाच्या पाण्याचे. कारंजा-सोहोळचे महत्त्व असे की गवताच्या माळासाठी, म्हणजे ज्याला आपण रान म्हणायलाही तयार नसतो अशा जागेसाठी, महाराष्ट्रात जी थोडी अभयारण्ये झाली त्यांतले हे एक. पण अठरा चौरस किलोमीटर म्हणजे हरणाच्या दृष्टीने एक अंगण. कळप हद्द ओलांडणारच. ओलांडली की तो सोयाबीनमध्ये.

आणि त्या अंगणाच्या शेजारून आता रस्ता गेला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, 701 किलोमीटर. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी आणि अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ ही दोन्ही अभयारण्ये त्याच्या वाटेत आली. वन्यप्राण्यांसाठी रस्त्याखालून व रस्त्यावरून मार्ग बांधण्यात आले. एवढ्या मोठ्या कामात हरणाच्या येण्याजाण्याचा विचार नकाशावर झाला, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी कोणी स्वप्नातही आणली नसती. तिचे श्रेय 1972 च्या कायद्याला द्यावेच लागेल. मोकळ्या आभाळाखाली, दूरवर पाहून निर्णय घेणारे जनावर त्या बोगद्यात किती शिरेल, हे मात्र राजपत्रावर ठरत नाही.

पाऱ्ध्यांच्या बाबतीत एक समाधानाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तणमोर हा गवतात राहणारा दुर्मिळ पक्षी. त्याचा नर पावसाळ्यात गवतावर उंच उड्या मारून मादीला बोलावतो. हाही पहिल्या अनुसूचीतला. तो कोठे आहे हे शोधण्यात भल्याभल्या शास्त्रज्ञांना यश येत नसे. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेबरोबर फासेपाऱ्ध्यांनीच हे काम हाती घेतले, पक्ष्याच्या जागा हुडकल्या आणि गवताचे माळ राखण्यास आरंभ केला. फास लावण्यासाठी बापजाद्यांनी कमावलेली नजर राखणीसाठी वापरली गेली. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची जी वाट उघडली तिच्यातून अशा लोकांच्या हाती माळाची राखण रीतसर देता येते. जेथे हे झाले तेथे गवत वाढले, गुरांना वैरण मिळाली आणि पाखरू परतले. आम्हाला वाटते, गाभण मादी सोडणारा तो जुना अलिखित नियम कायद्याच्या पोटात घालण्याची हीच एक खरी रीत आहे.

पण त्यासाठी गवताकडे पाहण्याची सरकारी दृष्टी बदलली पाहिजे. वऱ्हाडात सरकारी गायरानाला आजही 'ई-क्लास' म्हणतात. गावात शाळा बांधायची, घरकुले उठवायची, सौर प्रकल्प आणायचा, झाडे लावून हरित व्हायचे, काहीही करायचे असो, बोट प्रथम ई-क्लासकडे जाते, कारण ती 'पडीक'. सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ मुलुखाचा मोठा भाग याच रंगात रंगवलेला असतो. यांतली पुष्कळशी कामे चांगली आहेत. ती करणारी माणसे हरणाची शत्रू नव्हेत. त्यांना तेथे काही आहे असे दिसतच नाही, एवढेच. 1886 च्या साहेबाने हरणासाठी काही केले नाही, तरी त्याच्या दप्तरात 'रमणा' या शब्दाला एक रकाना होता.

1991 साली आपल्या वन्यजीव कायद्यात वनस्पतींनाही प्रथमच संरक्षण मिळाले आणि त्यांची एक स्वतंत्र अनुसूची जोडली गेली. तीत सहा नावे होती: दोन ऑर्किडे, एक सायकस, एक घटपर्णी, काश्मिरातले कुठ आणि 'लेडीज स्लिपर' जातीची ऑर्किडे. कुसळी, पवन्या, मारवेल यांपैकी एकाचेही नाव तीत नव्हते.